रामटेकेंच्या मुलानं फोन कट केला

"मॅडम, आप लोग रोज नया तरीका निकालते हो क्या?" पलीकडचा पोरगा म्हणाला आणि त्यानं फोन कट केला.

मी मोबाइलकडे बघतच राहिले. शेजारच्या लॅबमध्ये धावपळ चालली होती. वरच्या मजल्यावर आयसीयूत एक तरुण बाई मशीनवर होती. अपघातात तिचा मेंदू कायमचा थांबला होता. डॉक्टरांनी ठरलेल्या नियमानं दोनदा तपासून तसं जाहीर केलं होतं. तिच्या नवऱ्यानं किडन्या द्यायला होकार दिला होता. सही करताना त्यानं मला एवढंच विचारलं, "किसी के काम तो आएगी ना, पक्का?" मी म्हटलं, पक्का. आणि आता जिच्यामुळे एक माणूस जगणार होता ती किडनी मी फोनवरून द्यायला बसले होते, तर मला चोर समजून हाकललं होतं.

मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर. म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टर कापतात आणि शिवतात. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं माझ्याकडे असतं: रडणारे नातेवाईक, पोलीस, लॅब, गाड्या आणि फोन. मुख्य म्हणजे फोन. किडनीची वाट बघणाऱ्या पेशंटांची यादी असते. रक्तगट, किती दिवस डायलिसिसवर आहे, असं सगळं बघून क्रम लागतो. किडनी मिळाली की वरच्या पेशंटला मी फोन करते, त्यानं उठायचं आणि यायचं. शरीराबाहेर काढलेली किडनी काही फ्रीजमधली भाजी नव्हे, की संध्याकाळी बघू म्हणायला.

त्या दिवशी एक किडनी आमच्या हॉस्पिटलच्या वाट्याला होती. यादीत पहिलं नाव होतं मनोहर रामटेके. रेल्वेतून रिटायर झालेले फिटर, राहणार भनपुरी, बरीच वर्षं डायलिसिसवर. फोन नंबर मुलाचा दिला होता. मुलगा स्वप्नील, तिकडच्याच एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात कामाला.

आता माझ्याबद्दल सांगते, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. मी मूळची गडहिंग्लजची. नवऱ्याची बदली झाली म्हणून रायपूरला आले. मराठी कोल्हापूरकडची आणि हिंदी त्याहून कोल्हापूरकडची. "आपको आनेका है", "वो हमको मालूम नहीं ना", असली. भाजीवाली माझं पहिलं वाक्य संपायच्या आत विचारते, "महाराष्ट्र के हव का?" मी हसून हो म्हणायची. सोसायटीतल्या बायका माझी नक्कल करायच्या, मीही हसायची. माझ्या बोलण्यानं कुणाचा जीव जाईल असं कधी मनात आलं नव्हतं. का यावं?

माझ्या आधी या खुर्चीवर साहू दीदी होत्या. इथल्याच, छत्तीसगढी बोलणाऱ्या. सगळे पेशंट त्यांना दीदी म्हणायचे, सगळ्यांच्या फोनमध्ये त्यांचा नंबर सेव्ह केलेला. तो नंबर त्यांचा स्वतःचा. दीदी नोकरी सोडून विशाखापट्टणमला गेल्या आणि नंबर घेऊन गेल्या. मी आल्या आल्या आमच्या किडनी विभागाचे प्रमुख तिवारी सर यांना म्हटलं होतं, "सर, सगळ्या फॅमिलींना एकदा बोलवू, माझी ओळख होऊ दे." सर म्हणाले, "होली के बाद देखते हैं." होळी अजून यायची होती.

तर पहिला फोन. मी नाव सांगितलं, हॉस्पिटलचं नाव सांगितलं आणि नेहमीचं बोलायला लागले. हे नेहमीचं काय असतं ते वाचा आणि तुम्हीच ठरवा. "फोन मत रखना. आपके पिताजी को अभी के अभी लेके आनेका है. कुछ खिलाना नहीं, पानी बी नहीं. आधार कार्ड साथ में लाना. किसीको ज्यादा बताना नहीं." शेवटचं असं, की किडनी कुणाची हे बाहेर फुटू नये म्हणून आम्ही हे सांगतोच. सगळं नियमातलं. पण फोनवर लुबाडणारे लोकही अगदी हेच बोलतात हो! फोन ठेवू नका, आत्ताच्या आत्ता, आधार, कुणाला सांगू नका. फरक काहीच नाही.

आणि रामटेकेंच्या घरी नुकतंच ते घडून गेलं होतं, हे मला कुठं माहीत! स्वप्नीलची मावशी अभनपुरला असते. तिच्या नवऱ्याला एका माणसानं मुंबईचा पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर घरातच कोंडून ठेवलं होतं. धमक्या देऊन जमापुंजी काढून घेतली. तो माणूस बोलायचा कसा? "आपको बोलनेका है", "हिलनेका नहीं". म्हणजे माझ्यासारखा. तेव्हापासून रामटेकेंच्या घरात तो सूर म्हणजे चोर.

मी परत फोन लावला. डोकं सणकलं होतं, पण आवाज मऊ ठेवला. या वेळी मला वाटलं, आपण मराठीत बोलू. रामटेके म्हणजे आपलीच माणसं. परमुलखात मराठी कानावर पडली की आम्हाला कसं गलबलून येतं, तसं त्यालाही येईल.

"हे बघ बाळा," मी म्हटलं, "मी खरंच दवाखान्यातनं बोलतेय. तुझ्या वडलांना किडनी मिळालीय बघ. तू फक्त त्यांना घेऊन ये, बाकी सगळं मी बघते."

त्यानं फोन ठेवला नाही. मला वाटलं, पटलं.

"सरनेम देख के भाषा बदल ली?" तो म्हणाला. "और ये कौन सी मराठी है? हमारे यहाँ कोई ऐसे नहीं बोलता. मेरे मौसा को भी एक आदमी ऐसे ही बोला था. अब फोन किया तो थाने जाऊँगा."

"अरे, तू साहू दीदींना विचार..."

"दीदी को मैं जानता हूँ. आप दीदी नहीं हो."

फोन बंद. परत लावला तर लागेना. नंबर ब्लॉक. तोंडात मारल्यासारखं झालं मला. राग आला, खरंच आला. पोरा, तुझ्या बापाचा जीव माझ्या हातात आहे आणि तू माझी मराठी तपासतोयस?

मग जे सुचेल ते सगळं केलं. रिसेप्शनच्या फोनवरून लावला, त्यानं उचलून आवाज ऐकला आणि ठेवला. लॅबमधल्या मुलीला, जी इथलीच, तिच्या फोनवरून लावायला सांगितलं. त्यानं तो उचललाच नाही. वेगवेगळ्या अनोळखी नंबरांवरून लागोपाठ फोन! आज विचार करते तर कळतं, आम्ही जितके फोन करत होतो तितकी त्याची खात्री पटत होती की ही टोळी आहे. शेवटी त्यानं स्वतःचा फोन बंद केला. वडलांचाही केला, हे मला मागाहून कळलं.

साहू दीदींना लावला. त्या कुठल्याशा मीटिंगमध्ये, उचलेनात. मेसेज टाकला.

तेवढ्यात लॅबमधून क्रॉसमॅच आली. ही तपासणी सोपी आहे. यादीतल्या प्रत्येक पेशंटचं थोडं रक्त आम्ही साठवून ठेवतो. देणाऱ्याच्या पेशी त्यात मिसळून बघायच्या. पेशंटचं रक्त पेशींवर तुटून पडलं तर पॉझिटिव्ह, म्हणजे ती किडनी त्याला चालणार नाही. काही झालं नाही तर निगेटिव्ह, म्हणजे चालेल. बाकी आयुष्यात पॉझिटिव्ह चांगलं, आमच्याकडे निगेटिव्ह. रामटेकेंची निगेटिव्ह होती. स्वच्छ निगेटिव्ह. लॅबवाल्यानं अंगठा वर करून दाखवला. मला रडावंसं वाटलं.

हॉस्पिटलचा ड्रायव्हर गोवर्धन, त्याला गाडी घेऊन भनपुरीला पिटाळलं. त्यानं घर शोधलं. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, सगळे अभनपुरला गेलेत, मावशीकडे घरभरणी आहे. शेजारणीनं तिच्या फोनवरून स्वप्नीलला लावला, तर तो बंदच. मावशीचं घर कुठलं? तिला माहीत नाही. बाजाराजवळ कुठंतरी.

"मॅडम, जाऊँ क्या?" गोवर्धननं विचारलं.

"जाओ. उधर जाके पूछो, रेलवे वाले रामटेके किधर आए हैं."

भनपुरी शहराच्या वरच्या टोकाला, अभनपुर खाली दक्षिणेला. मध्ये अख्खं रायपूर आणि रायपूरची ट्रॅफिक.

यादीत दुसरं नाव एका शिक्षिकेचं होतं. तिला राखीव म्हणून आम्ही आधीच बोलावून ठेवलं होतं. राखीव पेशंटला तसं स्पष्ट सांगतो, की पहिला आला नाही तरच. ती आईबरोबर येऊन माझ्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. तिचीही क्रॉसमॅच निगेटिव्ह. मी बाहेर आले की ती माझ्या तोंडाकडे बघायची. माझी वाईट बातमी ती तिची चांगली बातमी. यात तिचा काय दोष?

तिवारी सर खाली आले. "डोनर का बीपी गिर रहा है. ओटी तैयार है. आपका पेशंट कहाँ है?"

"सर, गाडी अभनपुरला चाललीय. थोडं थांबा."

"पेशंट गाडी में है?"

"नाही सर. गाडी त्याला शोधायला गेलीय."

सरांनी डोळे मिटले. ते वाईट माणूस नव्हेत. थोडा वेळ ते थांबले, तेही नियमापेक्षा जास्त. मग वरून फोन आला, बीपी आणखी खाली. सर म्हणाले, "अब नहीं रुक सकता. दोनों चली जाएँगी." म्हणजे दोन्ही किडन्या वाया. आयसीयूबाहेर बसलेल्या त्या नवऱ्याला मी पक्का म्हणून बसले होते.

मी शिक्षिकेला आत पाठवलं. तिच्या आईनं माझे पाय धरले. मी पाय मागे घेतले.

गोवर्धनला फोन केला, "परत या."

"मॅडम, अभनपुर आ गया है. बाजार में ही पूछ रहा हूँ..."

"परत या गोवर्धन."

साहू दीदींचा फोन त्यानंतर आला. त्यांनी स्वप्नीलला लावून बघितलं. फोन बंदच होता.

संध्याकाळी ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, रामटेकेंचा नंबर वगळला त्याचं कारण काय टाकायचं? ते स्वतःच म्हणाले, "पेशंट तैयार नहीं था, लिख दो." मी म्हटलं, "सर, पेशंटला कुणी विचारलंच नाही, तो तयार नव्हता असं कसं?" ते म्हणाले, "मॅडम, बात वही है." बात वही नव्हती. मी भांडले आणि 'संपर्क झाला नाही' एवढं करून घेतलं. त्यानं रामटेकेंचा यादीतला क्रम तेवढा शाबूत राहिला.

पुढच्या डायलिसिसच्या दिवशी रामटेके कुटुंब आलं. मी कॉरिडॉरमध्ये नर्सला काहीतरी सांगत होते. समोरून एक उंच पोरगा वडलांचा डबा आणि चादर घेऊन येत होता. मी बोलताना तो जागच्या जागी थांबला. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा चेहरा बघून मला कळलं हा कोण ते.

"परसों... आपने फोन किया था?"

"हो."

"सच में था?"

"हो बाळा. सच में था."

तो भिंतीला टेकून खालीच बसला. त्याची आई, कमलबाई, मागून आल्या. त्यांना काही कळेना. मी सांगितलं. दुसरं कोण सांगणार होतं? त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पोराकडे.

"तुमी तं मराठीत बोलल्या होत्या न बाई? मंग काहून नाही पटलं त्याले?"

स्वप्नीलच खाली मान घालून म्हणाला, "मम्मी, वो अपने जैसी मराठी नहीं थी." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पापा को मत बताइए. प्लीज."

पण पेशंटला सांगणं आम्हाला भाग आहे. तिवारी सरांनी त्याच दिवशी सांगितलं. रामटेके ऐकून घेऊन "हव साहेब" एवढंच म्हणाले. सर गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. हाताला सुया, शेजारी मशीन फिरत होतं.

"तुमी कोल्हापूर साइडच्या का? बोलण्यावरूनच समजते," ते म्हणाले. "मी गोंदियाकडून आलो न इथं नोकरीले, तं रेल्वेच्या वर्कशॉपमधले लोक मले लय हसत. तोंड उघडलं का हसत. म्हून पोट्ट्याले मी मराठी बोलूच नाही दिली. म्हटलं, चांगली हिंदी बोल, तुले कोणी नाही हसणार. समजते त्याले सगळं, पण जवाब हिंदीतच देते. त्याच्या मावशाचं तसं झाल्यावर मीच त्याले सांगून ठेवलं होतं, असा बोलणारा कोणी फोनवर आला तं काटून टाकजो. पोट्ट्यानं माझंच ऐकलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी बघितलं.

"मले एक सांगा. जमली असती का मले ते किडनी?"

"हो," मी म्हटलं. "रिपोर्ट चांगला होता."

"मंग माझं एक काम करा. त्याले सांगा, का जमलीच नसती. तुमच्या तोंडानं सांगा. नाही तं तो आता घरी जेवणारच नाही."

"काका, लॅबचा रिपोर्ट मला खोटा सांगता येत नाही. नोकरी जाईल माझी."

"रिपोर्ट कोण मागून राहिला बाई? तोंडानं म्हटलं मी."

मी नाही म्हटलं. नियम तो नियम, आणि मनात म्हटलं, वर्षभरात दुसरी किडनी येईल, क्रम पहिलाच आहे, मग हा विषयच राहणार नाही. ते परत म्हणाले नाहीत.

दुसरी आली नाही. त्यांच्या रक्तगटाचा डोनरच मिळाला नाही. आमच्याकडे अवयवदानाला हो म्हणणारी घरं मुळात थोडी. पावसाळ्यात डायलिसिसच्या सुईच्या जागी इन्फेक्शन झालं, रक्तात पसरलं, आणि रामटेके आयसीयूतच गेले.

या प्रकरणानंतर हॉस्पिटलनं माझं एक ऐकलं. आता फोन नंबर हॉस्पिटलचा आहे, माणूस बदलला तरी नंबर बदलत नाही. यादीत नाव आलं की अख्ख्या कुटुंबाला बोलावते आणि तो नंबर माझ्यासमोर प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह करायला लावते. शिवाय दर महिन्याला सगळ्यांना फोन करते. काम काही नसतं. जेवण झालं का, ऊन किती आहे, पोरांची परीक्षा कशी गेली. नवे सहकारी विचारतात, यात वेळ कशाला घालवायचा? मी सांगते, माणूस आधी आवाज तपासतो आणि मग बातमी ऐकतो. आपला आवाज इथला नसेल तर ओळख आधी करून ठेवावी, ऐन वेळी ती होत नसते. हिंदी मात्र माझी होती तशीच आहे. सुधारून बघितली, जमत नाही.

रामटेके गेल्यानंतर काही दिवसांनी स्वप्नील उरलेले कागद न्यायला आला होता. वाळला होता. कागद घेतले, दारापर्यंत गेला, परत आला.

"मॅडम, एक बात सच सच बताइए. वो वाली किडनी पापा को लगती क्या?"

मी एका क्षणाचाही विचार केला नाही.

"नाही रे. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली होती. तू आणलं असतंस तरी परतच पाठवावं लागलं असतं."

मला वाटलं, हा आता तिवारी सरांना विचारेल, लॅबमध्ये जाईल. पण त्यानं डोळे पुसले, मान हलवली आणि "थँक्यू मॅडम" म्हणाला. मी खरं बोलले तेव्हा त्यानं फोन कट केला होता, आणि हे त्याला एका झटक्यात पटलं.

वरची सगळी नावं बदललेली आहेत. खरं म्हणजे हे कुठंच लिहू नये. पण मराठीत लिहायला हरकत नाही. त्या पोराला मराठी वाचता येत नाही.